सात नंबरचा डोळा

खेकड्याने तो दगड वर आणला तेव्हा मार्गशीर्षातली दुपार होती आणि मी शाळा बुडवून उष्णकूपाच्या तोंडाशी उभी होते. मला कोणी रागावलं नाही. त्या तीन आठवड्यांत कढवण गावात कोणी कोणावर रागावत नव्हतं. सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो माणूस म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील, तन्मय धुरी.

खेकडा हा आठ पायांचा यंत्रमानव. बुद्धी बेताचीच, पण तापलेल्या ढिगाऱ्यात शिरून सांगितलेली वस्तू बरोबर हुडकून आणायचा. तीन आठवड्यांपूर्वी खालच्या भुयाराची भिंत बसली आणि चार माणसं आत गाडली गेली. त्यांतला एक माझा शार्दूलमामा, आईचा धाकटा भाऊ. खेकड्याने आधी त्या चौघांना एकेक करून वर आणलं. दगड सगळ्यांत शेवटी आला. मुठीएवढा काळ्या कातळाचा तुकडा, आणि त्याला चिकटलेला सुपारीएवढा, मधाच्या रंगाचा गुळगुळीत दगड. त्याच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत उजेडाची एक बारीक रेघ गेली होती. मांजराचा डोळा उन्हात दिसतो, अगदी तसा.

"हाच तो सात नंबर," मागून कोणीतरी म्हणालं. "चार जीव गेले तरी हा आपला टक लावून बघतोय."

मला तेव्हा त्या दगडाचा आणि बोलणाऱ्याचा सारखाच राग आला.

आता हे सगळं काय होतं ते सांगते. कढवणला गरम पाण्याची कुंडं पूर्वीपासूनची. जुनी माणसं फडक्यात तांदूळ बांधून कुंडात सोडत आणि भात शिजवून घेत. माझ्या जन्माआधी तिथे उष्णकूप (जमिनीच्या पोटातली उष्णता वर आणून तिच्यावर वीज तयार करणारी खोल विहीर) झाला. सातशे मीटर खाली दोन भुयारं होती, एकाखाली एक. नळांची निगा राखायला गारवा देणारे पोशाख घालून माणसं त्यांत उतरत. भिंतींना भेगा होत्या. भिंत कलते आहे का, यावर रोज लक्ष ठेवायला हवं. पण तिथल्या वाफेत इलेक्ट्रॉनिक संवेदक (हालचाल टिपणारी उपकरणं) आठवडाभरही टिकत नसत. म्हणून अपघाताच्या तीन महिने आधी आजोबांनी साक्षी बसवले.

साक्षी म्हणजे लसण्या दगड (वैडूर्य, ज्यात मांजराच्या डोळ्यासारखी रेघ दिसते ते रत्न). आजोबा भूशास्त्रज्ञ आणि रत्नांचे पारखी. त्यांनी बारा मोठे लसण्या निवडले आणि प्रत्येक भेगेशेजारी एक असे भिंतीला चिकटवले. वर कूपाच्या तोंडाशी, पक्क्या खडकात, आरशांमार्फत खालच्या प्रत्येक दगडावर रोखलेला एक दिवा आणि एक दुर्बीण जखडून टाकली. रोज सकाळी मुकादमाने दुर्बिणीतून बघायचं आणि दगडातला डोळा कुठे आहे ते वहीत लिहायचं. डोळा मधोमध असला की माणसं उतरत. खालच्या भुयाराची मुकादम होती माझी आई, ईशानी. अपघातानंतर वरच्या भुयाराची वहीही तिच्याकडेच आली होती.

सात नंबरच्या पानावर तीन महिने रोज एकच शब्द होता : मधोमध. भिंत बसली त्या सकाळीसुद्धा.

मग भिंत बसणार हे दगडाला कळलं कसं नाही? हे कोडं सोडवणं कोणाच्या हौसेचा प्रश्न नव्हता. वरच्या भुयारात अजूनही रोज सहा माणसं उतरत होती, कारण वीज थांबवून चालणार नव्हतं आणि वरचे पाचही साक्षी सरळ बघत होते. सात नंबर खोटं बोलला असेल तर त्या पाचांवर विसंबायचं कसं? पण हे विचारायचं सोडून गाव एकच धोशा लावून बसला होता : म्हाताऱ्याने अस्सल लसण्या म्हणून काच लावली. दुसऱ्याच्या माथी खापर फोडलं की विचार करायचे कष्ट वाचतात.

चौकशीसाठी आलेल्या बाईंनी दगडाची मापं घेतली, फोटो काढले आणि तो आजोबांकडे दिला. "तुम्ही निवडलात. तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत."

आजोबांच्या कामाच्या खोलीत खिडक्यांना जाड पडदे होते. त्यांनी ते ओढले. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून दगड मी धरला.

"आधी काच आहे का ते बघू," आजोबा म्हणाले. "लोकांचं म्हणणं खरं निघालं तर झाकायचं नाही. कळलं, मिथिला?"

मी मान हलवली.

त्यांनी मला भिंग दिलं. "बाजूने बघ. काचेचे बारीक तंतू एकत्र वितळवून नकली लसण्या करतात. त्यात बाजूने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. दिसते का?"

"नाही. बारीक बारीक रेघा दिसतायत. सुईने ओढल्यासारख्या."

"आता वरचा पृष्ठभाग. झाक कशी आहे?"

"आरशासारखी."

"काच असती तर तीन महिन्यांत पांढुरकी झाली असती. तापलेली वाफ काच हळूहळू खाते. जुन्या बॉयलरच्या काचेवर आतून अभ्रक लावायचे ते त्यासाठीच. आता टॉर्च एका बाजूने धर."

मी टॉर्च धरला. दगडाची उजेडाकडची बाजू मधासारखी सोनेरी झाली आणि पलीकडची दुधासारखी. मी टॉर्च दुसऱ्या बाजूला नेला तशी मध आणि दूध जागा बदलून बसले. आजोबांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "अस्सल आहे," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. दगड खोटा निघाला असता तर निदान कोडं तरी सुटलं असतं.

"पण आजोबा, यात डोळा येतोच कसा?" मी विचारलं. लहानपणापासून त्या दगडांत खेळले होते, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला आरशासमोर बसवलं. आईने सकाळी माझ्या डोक्याला चपचपीत तेल लावून केस मागे ओढून बांधले होते. आजोबांनी टॉर्च माझ्या डोक्यावर धरला. "केसांवर काय दिसतंय?"

"चकाकीचा पट्टा."

"केस कुठे जातात आणि पट्टा कुठे जातो?"

मी नीट बघितलं. केस कपाळापासून मागे गेले होते. पट्टा मात्र एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे, केसांना आडवा. याआधी हजारदा बघितला असेल, पण कधी लक्षात आलं नव्हतं.

"एकेक केस म्हणजे एक बारीकसा गोल दांडा," आजोबा म्हणाले. "प्रत्येक दांड्यावर एकाच ठिकाणी असा ठिपका असतो, की तिथून उजेड उसळून बरोबर तुझ्या डोळ्यात येतो. शेजारशेजारच्या हजार केसांचे हजार ठिपके एका ओळीत आले की पट्टा. लसण्याच्या आत केस नसतात, पण केसाहून कितीतरी बारीक पोकळ नळ्या असतात, लाखो, सगळ्या एका दिशेने विंचरलेल्या. त्यांच्या ठिपक्यांची ओळ म्हणजे तो डोळा. याला मार्जारनेत्र परिणाम म्हणतात. दगडात डोळा वगैरे काही नसतो, पोरी. नळ्या असतात आणि उजेड असतो."

मग त्यांनी माझे केस विस्कटले. पट्टा फुटला, नुसती इकडेतिकडे चमक राहिली.

"म्हणून दगड निवडताना पहिलं हे बघायचं. नळ्या दाट, बारीक आणि सगळ्या एका दिशेने." त्यांनी नापास दगडांचा डबा माझ्यापुढे ओतला. "या पाचांतला सगळ्यांत बरा काढ."

मी खोलीतली ट्यूब लावली आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत चमकदार दगड उचलला. आजोबांनी ट्यूब बंद केली. "असा पसरट उजेड चहूकडून येतो. त्यात चांगला डोळाही विरघळतो. एकच दिवा हवा, लहान. आता बघ." टॉर्चखाली माझ्या त्या देखण्या दगडात बोटभर रुंद पांढरा डाग पसरला. नळ्या जाड असणार. दुसऱ्यात रेघ मधेच तुटली होती. तिसऱ्याचा वरचा भाग सपाट कापलेला, त्यात रेघच नव्हती. लसण्याला कॅबोशॉन घाट (वर घुमट, खाली सपाट तळ) द्यावा लागतो, तेव्हाच उजेड एका ओळीत गोळा होतो. चौथ्याचा तळ नळ्यांना समांतर कापला नव्हता, म्हणून रेघ एका कडेला जाऊन बसली होती. मी पाचवा उचलला, फिकट, कूपासाठी फारच लहान. त्याची रेघ दोऱ्याएवढी, अखंड आणि बरोबर मधे.

"शाबास," आजोबा म्हणाले. "बारीक, अखंड, मधोमध. हा निवडीचा नियम. हाच मी कूपावरच्या सगळ्यांना शिकवला, तुझ्या आईलासुद्धा."

मी विस्कटलेले केस पुन्हा बसवत आरशासमोर गेले. आजोबांनी सवयीने टॉर्च धरला. मी रिबन उचलायला मान खाली घातली, आणि वर नजर टाकली तर पट्टा माझ्या डोक्यावर सरकला होता. टॉर्च तिथेच. आरसा तिथेच. मान वर केली, पट्टा परत आला.

"आजोबा," मी म्हणाले, "दिवा आणि बघणारा जागचे हलले नाहीत, आणि दगड थोडा कलला, तर डोळा सरकतो."

"हो. म्हणून तर साक्षी."

"भिंत कलली तर दगड तिच्याबरोबर कलणार. मग डोळा मधोमध राहीलच कसा?"

आजोबांनी हळूच तो काळा कातळ माझ्या हातातून घेतला, आडवा धरला आणि दगड जिथे कातळाला चिकटला होता तिथे भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. मग मला दिलं.

दगडाच्या तळाशी डिंकाचे थर होते. सगळ्यांत खाली आजोबांचा पिवळा डिंक, कागदासारखा पातळ आणि सारखा. त्याच्यावर हिरवा डिंक, तीन थर. तिन्ही थर एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळते. दाराला पाचर मारावी तसे.

"हिरवा डिंक माझा नाही," आजोबा म्हणाले. "तो मुकादमाच्या डब्यातला."

तेवढ्यात आईच जेवणाचा डबा घेऊन आत आली. आजोबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या हातातलं भिंग आणि आजोबांचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

"ईशानी, सात नंबर काढून पुन्हा कोणी लावला?"

"मी," आई म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. "खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर साक्षींची पूजा केली ना, तेव्हा बघितलं तर सातचा डोळा बाजूला गेलेला. माणसं बिचकली. डोळा फिरला म्हणाले, उतरेनात. शार्दूल तेवढा हसला. मग कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचा हात थरथरतो, दगडच वाकडा बसवलाय. मला ऐकवेना, बाबा. तुमच्याबद्दल असं. मला वाटलं वाफेने डिंक ढिला होऊन दगड घसरला असेल. काढला आणि नीट बसवला. तुमचाच नियम ना, रेघ मधोमध हवी?"

"तीनदा?"

"तीनदा. दिवाळीत परत सरकला. मग अपघाताच्या आधी आठवडाभर. दर वेळी त्याच दिवशी सरळ केला."

मी विचारलं, "आई, तू तो भिंतीला सपाट बसवलास?"

"आधी सपाटच बसवला होता. तरी डोळा बाजूलाच जाई. म्हणून एका अंगाला डिंक जाड घातला."

"पण नुसता दगड घसरला असता, तर सपाट बसवल्यावर डोळा मधे आला असता."

हे मी बोलले. बारा वर्षांची होते, उत्तर सापडलं होतं, तोंडातून निघून गेलं. नंतर किती तरी वर्षं वाटत राहिलं की दुसऱ्या कोणी बोलायला हवं होतं. आईने डबा खाली ठेवला. मग ती स्वतःच भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"म्हणजे भिंतच," ती म्हणाली.

"भिंत कलत होती," आजोबा म्हणाले. "दगड सांगत होता. चूक तुझी एकटीची नाही, ईशानी. निवडताना डोळा मधोमध हवा, हे मी तुम्हाला दहादा शिकवलं. पण एकदा भिंतीला लावल्यावर तो मधोमध ठेवायचा नसतो, तो कुठे जातो ते बघायचं असतं, हे शिकवायचं राहिलं. मला वाटलं, एवढं तर कोणालाही कळेल. शिकवणाऱ्याने असं कधी समजू नये."

आई रडली नाही. ती आपल्या तळहातांकडे बघत होती. मग आजोबांनी विचारलं, "फक्त सातच ना?"

आईने मान वर केली. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"नऊ," ती म्हणाली. "परवा."

नऊ नंबर वरच्या भुयारात होता. घड्याळात साडेतीन वाजले होते. सहा माणसं आत होती आणि ती पाचला वर येणार होती.

आई अनवाणी धावली. मी तिच्यामागे. कूपावर पोचेपर्यंत तिने कोणाच्या हाकेला ओ दिली नाही, सरळ जाऊन भोंग्याची साखळी ओढली. भोंगा झाला की हातातलं काम टाकून वर यायचं, हे कढवणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणसांची ने-आण करणारा पाळणा वर यायला अकरा मिनिटं लागतात. ती अकरा मिनिटं आई कठडा धरून उभी होती, आणि मी तिचा पदर धरून. मला फार भीती वाटत होती.

सहाही जण वर आले. सगळ्यांत शेवटी बाहेर पडली ती कृपामामी, शार्दूलमामाची बायको. मामाचे दिवसवार झाल्यावर आठवड्यात ती कामावर परत आली होती. तिने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. "काय झालं, ताई?"

आईला काहीही सांगता आलं असतं. वायूची गळती म्हणाली असती तरी खपून गेलं असतं. पण ती म्हणाली, "सात नंबर सरकला होता. तीनदा. मी तिन्ही वेळा सरळ केला आणि वहीत मधोमध लिहिलं. मला वाटलं दगड वाकडा झालाय. भिंत वाकत होती. नऊ नंबरचंही मी परवा तेच केलंय."

मामी आईकडे बघत राहिली.

"म्हणजे दगडाने सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तीनदा."

"हो."

मामीने शिरस्त्राण जमिनीवर ठेवलं आणि ती चालत निघून गेली. आई तिच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली.

अकरा दिवसांनी वरच्या भुयाराची नऊ नंबरची बाजू बसली. आत कोणी नव्हतं. गाव मग आजोबांना पुन्हा नमस्कार करू लागला, जणू मधे काही घडलंच नव्हतं. आजोबा नमस्कार घेत, पण थांबत नसत. चौकशीत त्यांनी अर्धी चूक आपल्या नावावर लिहून घ्या म्हणून हट्ट धरला. आईचं मुकादमपद गेलं. ती साधी कामगार म्हणून राहिली. दुसऱ्या गावी जाऊ, असं बाबा म्हणाले. ते समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करत. पण आई नको म्हणाली.

नवं भुयार खोदलं गेलं. त्याच्यासाठीचे दगड मी निवडले, आजोबा शेजारी बसून नुसते बघत होते. एका दिव्याखाली, एकेक, चार रविवार. साठांतून नऊ निघाले. भिंतीला लावल्यावर प्रत्येक दुर्बिणीच्या काचेवर, डोळा पहिल्या दिवशी जिथे दिसला तिथे बारीक खूण कोरली. ती मधोमध असो वा नसो. खाली आजोबांनी लिहिलं : डोळा सरळ करू नये. माणसं वर काढावीत. हे वाक्य आता देशातल्या प्रत्येक उष्णकूपावर लिहिलेलं असतं, आणि नव्या कामगाराला दगड हातात देऊन आधी त्याचा अर्थ समजावून सांगतात.

साक्षी वाचायचं काम कोणी घ्यायला तयार नव्हतं. ते मामीने मागून घेतलं. ती माझ्याशी बोलायची. आईशी मात्र नाही. आई रोज सकाळी तिच्यासमोरून पाळण्यात चढायची, मामी दुर्बिणीत बघत राहायची. आठ महिने असेच गेले.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी मी मामीजवळ बसले होते. दुर्बिणींच्या खोलीतून भुयारात एक पितळी बोलनळी जायची, कारण तारा तिथे टिकत नसत. आई आणि आणखी तिघं आत होती. मामी एकेक डोळा बघत चार नंबरपाशी आली आणि थबकली. दुसऱ्यांदा बघितलं. मग मला म्हणाली, "मिथिला, तू बघ."

मी बघितलं. डोळा खुणेच्या डावीकडे गेला होता. एका केसाएवढा, जास्त नाही.

नियमाप्रमाणे फक्त साखळी ओढायची होती. मामीने ती ओढली. भोंगा सुरू झाला. मग ती नळीपाशी गेली, काही क्षण तशीच उभी राहिली, वाकली आणि नळीच्या तोंडाशी ओठ नेले.

"ताई," ती म्हणाली, "वर या."

मग खालून आईचा आवाज आला, "येते गो, येते."